हंडा कुणाला सांगत नाही

त्या सकाळी मोरीतून बोलण्याचा आवाज आला नाही. राखेतून फिरणाऱ्या काथ्याची खरखर येत होती, पाणी ओतल्याचा आवाज आला, लोटा घरंगळल्याचाही आला. पण त्या सगळ्यावर रोज जे बोलणं तरंगत असायचं ते नव्हतं. विद्युल्लता अंथरुणात डोळे मिटून पडली होती आणि उठायची तिला मुळीच घाई नव्हती. कालच्या टाळ्या अजून अंगात होत्या, तळपायांत तर फारच. मागच्या वर्षापर्यंत वर्गात नुसतं नाव पुकारलं तरी जिचा आवाज घशातच बसकण मारायचा, त्या मुलीनं काल गणेशोत्सवाच्या मांडवात दुर्गाघाटावरची झाडून सगळी मराठी मंडळी हसवली होती, आणि आज दुपारी फक्त बायकांसाठी तोच खेळ पुन्हा व्हायचा होता. ते सुख ती जिभेवर घोळवत होती, आणि घोळवता घोळवता तिच्या ध्यानात आलं की काहीतरी वाजत नाहीये. पूर ओसरला की एका सकाळी गंगेची घरघर एकदम ऐकू येईनाशी होते, आणि मगच कळतं की इतके दिवस ती कानांत होती. तसं.

फुलेसरी त्यांची महरी. आजूबाजूच्या बऱ्याच मराठी घरांची भांडी तीच घासायची, आणि घासताना भांड्यांशी बोलायची, आपल्या बनारसी बोलीत, सासरच्या माणसांशी बोलावं तशी. परात तिची चौधराइन. तवा करियवा, “केतनो माँजीं, तू गोर न होबा”, कितीही घासलं तरी गोरा न होणारा. लोटा लाडका दीर. आणि पाण्याचा मोठा हंडा, मग तो कुठल्याही घरचा असो, तो बड़का सरकार, मोठे मालक. विद्युल्लतेचं लहानपण त्या बडबडीच्या कडेकडेनं वाढलं होतं. घरात मराठी, शाळेत हिंदी, आणि मोरीत ही तिसरी भाषा, जिच्यात भांडीसुद्धा माणसांसारखी रुसत. म्हणून दिनानाथमास्तरांनी ‘श्रमदेवी’ लिहिलं, त्यातल्या नाडलेल्या, पिचलेल्या गंगू मोलकरणीचं काम यंदा पहिल्यांदाच मिशा काढलेल्या मुलाऐवजी मुलीला द्यायचं ठरलं आणि ते विद्युल्लतेच्या वाट्याला आलं, तेव्हा तिला एकच अडचण वाटत होती. मास्तरांची गंगू भांडी घासता घासता म्हणायची, “हे निर्दय धनिका, मम अश्रूंचे मोल तुज ठाऊक काय?” हे म्हणताना विद्युल्लतेला तोंडात कापूस कोंबल्यासारखं होई. तालमीत ती तसंच म्हणत आली. काल मात्र दुसऱ्या अंकात हंड्यापाशी बसल्यावर, समोर गॅसबत्त्यांच्या उजेडात सगळी ओळखीची तोंडं जांभया देताना दिसली, आणि तिच्या तोंडून मास्तरांच्या वाक्याऐवजी भलतंच बाहेर पडलं. “अगं ए चौधरीणबाई, जरा सरळ बस की.” मांडव हलला. “आणि तू रे काळ्या, किती घासू तुला?” मागून कुणीतरी ओरडलं, “अरे, ही तर आपली फुलेसरी!” मग जो हशा उठला तो तिनं जन्मात पहिल्यांदा अंगावर घेतला होता, उन्हाळ्यात पहिली बुडी मारावी तसा. मान कलती करून, डाव्या मनगटानं कपाळावरचे केस मागे सारत, अगदी फुलेसरीसारखी, ती बोलत राहिली, आठवेल ते सगळं मराठीत आणत राहिली, आणि शेवटी हंड्याला हात जोडून म्हणाली, “मोठे सरकार, दार लावू नका हो. मला उजेडात घासायची सवय आहे.” सगळ्यांत मोठा हशा त्याला आला. पुढच्या खुर्चीत उत्सवाचे अध्यक्ष ढुंढिराजपंत बसले होते, तेही आधी सगळ्यांबरोबर हसत होते. मग पान थुंकायला म्हणून उठले ते परत आले नाहीत. हे तिनं पाहिलं होतं. पाहिलं आणि सोडून दिलं, तेवढ्या आनंदात कोण धरून ठेवतो.

ती उठून मोरीच्या दारात आली. फुलेसरी पाठ करून बसली होती. एरवी ती अंगणाकडे तोंड करून बसे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दोन शब्द ऐकवी. आज भिंतीकडे तोंड. बाजूला आई उभी होती, एका हातानं निऱ्या उचलून धरलेल्या, दुसऱ्या हातात तपेली. फुलेसरी भांडी घासून विसळून ठेवी आणि मग आई त्यांवरून पुन्हा पाणी फिरवून ती सोवळ्यात घेई, रोजचंच. पाणी फिरवता फिरवता आई मराठीत बोलत होती, फुलेसरीच्या डोक्यावरून, जशी भिंतीवरून शेजारणीशी बोलावी तशी.

“उठलीस? बरं झालं. अन्नपूर्णाकाकूंचा निरोप आला होता पहाटेच. ढुंढिराजपंतांच्या घरी आजपासून हिला पाऊल ठेवू द्यायचं नाही म्हणे. वर सांगून पाठवलंय, तुमचं तुम्ही बघा.”

“का?”

“का म्हणून मलाच विचारते. काल चारचौघांत तूच बोलून दाखवलंस ना हिचं सगळं? घराघरांत बसून ही मालकांना काय काय बोलते ते. उद्या आपल्याबद्दल बोलेल. मी तर म्हणते उत्सव आटोपला की आपणही दुसरी बघावी.”

“आई, हळू बोल ना.”

“हळू कशाला? तिला काय कळतंय.” आईनं लोटा उचलला. “आणि कामात लक्ष तरी कुठंय हिचं. ती परात बघ, काठाला पिवळं तसंच राहिलंय. पण आता जायच्या माणसाला काय बोलायचं.”

फुलेसरीचा हात पुढे आला. घासून पालथी ठेवलेली परात तिनं आपल्याकडे ओढली, काठाला चिमूटभर राख लावली आणि जिथे पिवळं राहिलं होतं तेवढंच घासलं. मग परात परत जाग्यावर ठेवली. आईनं सवयीनं तिच्यावर पाणी फिरवलं आणि ती आत गेली, तिला काही म्हणजे काही दिसलं नाही. विद्युल्लतेनं मात्र ते पाहिलं. ती तिथेच उभी राहिली आणि तिच्या डोक्यात एकामागून एक दारं उघडायला लागली. आत्याचं ठरलेलं लग्न का मोडलं ते आई आणि मावशी याच मोरीपाशी बोलल्या होत्या. बाबांना पाठशाळेतून काढणार होते ते. “ही माणसं अशीच, डोळा चुकला की साखर नेतील,” हे किती वेळा, फुलेसरीच्या अगदी कानाशी. इथे काशीत मराठी म्हणजे घरातला पडदा होता. बाहेरच्या माणसासमोर काही बोलायचं झालं की आपली माणसं तो सरकन ओढून घेत आणि त्याच्याआड अगदी मोकळी होत. आणि पडद्यापलीकडे ही बाई सगळं ऐकत राख चाळत बसली होती, विद्युल्लता जन्मण्याच्याही आधीपासून.

फुलेसरी निघाली तशी ती तिच्यामागून गल्लीत गेली. गल्ली घाटाकडे उतरते तिथे पायऱ्यांवर पुराचा गाळ अजून ओला होता. फुलेसरी कडेकडेनं पाय रोवत चालली होती.

“फुलेसरी, तुला मराठी समजतं?”

तिनं मागे वळून पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर विद्युल्लतेला सोपं गेलं असतं.

“समजतं ना,” ती म्हणाली, मराठीतच, आणि तिच्या तोंडून ते शब्द ऐकताना एखाद्या भांड्यानंच तोंड उघडावं तसं वाटलं. “सगळं समजतं. कुणाच्या सुनेला काय बोलतात, कुणाच्या घरी रात्री काय झालं. पर मी कधी कुणाला सांगितलं? तुमच्या अम्माला विचारा.”

“मला ठाऊक नव्हतं.”

“तोहके का मालूम रही, बिटिया.” ती पुन्हा आपल्या बोलीत गेली. “हम त हंडा से बतियावत रहलीं. हंडा केहू से कहत नाहीं.”

“पण लोकांना आवडलं. ते वाईट हसले नाहीत गं. खरंच.”

“हाँ. सुनलीं. हम दुआरिए पर रहलीं, पानी ले के.” ती दाराशीच होती, पाण्याची घागर घेऊन. उत्सवात पाणी भरायचं काम तिचंच. तो हशा मांडवाबाहेर कुणाच्या पाठीवर पडत असेल, हे विद्युल्लतेला सुचलंच नव्हतं.

“आज दुपारी पुन्हा आहे. बायकांचा.”

“हौ, मालूम. पानी हमहीं के भरे के हौ.” फुलेसरीनं पदर कमरेला खोचला. “उनकर घर त गयल. साँझ तक देखल जाई, कौन-कौन घर बचल.” पंतांचं घर तर गेलंच, बाकीची कुठली उरतात ते संध्याकाळपर्यंत दिसेल. एवढं बोलून ती खाली उतरून गेली, ब्रह्माघाटाकडच्या पुढच्या घरी, जे घर अजून तिचं होतं.

विद्युल्लता पायरीवर बसली. शाळेतल्या मैत्रिणी आल्या असत्या तर ती उठून पळाली असती. समोर गढूळ गंगा अर्धे घाट गिळून रुंद पसरली होती, आणि तिच्या कानात मात्र एकच वाक्य, काल जे तिनं इतक्या झोकात टाकलं होतं. बड़का सरकार, केवाड़ मत बंद करा. हे फुलेसरी कधीपासून म्हणायला लागली? कधीपासून, हे आपल्याला आठवतंय, असं तिला वाटलं आणि ते आठवू नये असंही वाटलं, आणि या दोहोंमध्ये जीभ आपोआप टाळूला लागली, तर तिथे खडीसाखर होती. म्हणजे नव्हती, पण चव होती. लहान होती तेव्हा ती. आईनं चाळण परत द्यायला ढुंढिराजपंतांकडे पिटाळलं होतं, भर दुपारी. अन्नपूर्णाकाकू संकठादेवीला गेल्या होत्या. घर झोपल्यासारखं. मागच्या अंगणात जाऊन काकूंच्या सुनेला हाक मारावी म्हणून ती गेली, तर मोरीचं दार लावलेलं. आतून घासल्याचा आवाज येत होता, आणि मग येईनासा झाला. मोरीचं दार कुणी लावतं का कधी, असं तिच्या मनात आलं होतं, एवढंच, लहान मुलांच्या मनात येतं तसं. आत हंडा कलंडल्याचा मोठा आवाज झाला, गडगडत भिंतीला जाऊन थांबल्याचा. मग दार उघडून ढुंढिराजपंत बाहेर आले. पंचा सारखा करत. तिला पाहून थबकले आणि मग फार गोड हसले. फडताळातून खडीसाखरेचा खडा काढून तिच्या हातावर ठेवला, डोक्यावरून हात फिरवला. “शहाणी मुलगी. चाळण ठेव तिथे आणि जा हं घरी.” ती खडा चघळत गेली होती. दुसऱ्या दिवशी विद्युल्लतेच्या घरच्या मोरीत फुलेसरी तिथल्या हंड्यापुढे बसली होती, बराच वेळ काही न घासता. मग हळू आवाजात त्याला म्हणाली होती, दार लावू नका, मला उजेडात घासायची सवय आहे. विद्युल्लता खदखदून हसली होती. हंड्याला कुणी असं विनवतं का? फुलेसरीनं तिच्याकडे पाहिलं होतं आणि तीही थोडं हसली होती, मूल हसलं म्हणून. त्यानंतर ते वाक्य अधूनमधून येत राहिलं. प्रत्येक वेळी विद्युल्लता हसली. इतकी वर्षं.

दुपारी दिनानाथमास्तर मांडवात भेटले तेव्हा त्यांचे डोळे झोप न झाल्यासारखे लाल आणि खूश होते. शिवरामभटांच्या जुन्या पाठशाळेच्या चौकावर ताडपत्री ताणून मांडव घातला होता. आत भर दिवसाही गॅसबत्त्या लावाव्या लागत. मास्तर हंड्याच्या बुडाला आणि पोटाला काजळी फासत होते, काम खरं वाटावं म्हणून.

“पोरी, काल तू माझ्या नाटकाला आवाज दिलास. आधी मी चिडलो, खोटं कशाला बोलू. पण गरिबाचा खरा आवाज तो असा असतो. आज ते भांड्यांचं जरा लांबव. बायका मुख्य त्यासाठीच येतायत.”

“मास्तर, आज मी ते म्हणणार नाही.”

“पंत काही बोलले का तुला? काल मधूनच उठून गेले, मला वाटलंच. जुन्या वळणाचा माणूस.”

“नाही. ते नाही बोलले.” तिला पुढचं सांगता येईना. हे सांगणं म्हणजे फुलेसरीला पुन्हा एकदा चारचौघांत उभी करणं. मास्तर चांगले होते, डोळ्यांत पाणी आणून त्यांनी ऐकलं असतं आणि पुढच्या गणपतीपर्यंत त्याचं नाटक झालं असतं.

“मग माझं मूळचं म्हण,” मास्तर जरा दुखावून म्हणाले. “निर्दय धनिका. पण एक सांगतो, त्यानं कुणी हसत नाही आणि रडतही नाही. मला ठाऊक आहे ते.” आणि त्यांनी काजळीचं बोट धोतराला न पुसता हवेतच धरलं. त्या क्षणी त्यांच्याविषयी तिला फार वाईट वाटलं.

बायका आल्या. वेण्यांचा, ओल्या पातळांचा, कापुराचा वास आला. मुलं रडली आणि गप्प झाली. बाहेरून गल्लीतले पुरुष डोकावू नयेत म्हणून चौकाचं मोठं दार लावून अडसर घातला गेला. पुढच्या सतरंजीवर मधोमध अन्नपूर्णाकाकू बसल्या, हातात वाळ्याचा पंखा, ताठ. त्या आल्या हेच विशेष होतं, आणि न येऊन चाललं नसतं हेही खरं. न येणं म्हणजे सगळ्या घाटाला उत्तर देणं. पहिला अंक नुसता सरला. बायका वाट पाहत होत्या, त्यांची वाट पाहणं विद्युल्लतेला त्वचेवर कळत होतं. मग दुसरा अंक, आणि ती भांड्यांपुढे बसली. मांडव पुढे झुकला. हसायला तयार झालेली तोंडं, कुणी आधीच पदर ओठांशी नेलेला. आता फक्त तोंड उघडायचं. आवाज होता तिच्यापाशी, कधी नव्हता एवढा होता, छातीत अगदी भरून उभा. गेलं सगळं वर्ष तिनं तो एकेक पायरी वर चढवत आणला होता. बोलावं तर हशा, आणि फुलेसरीची उरलेली घरं संध्याकाळपर्यंत जातील. ‘निर्दय धनिका’ म्हटलं तर टाळ्या पडतील, सगळ्या घरी जातील, निर्दय धनिक कुणाच्याच घरचा नसतो. ती काहीच बोलली नाही. तिनं काथ्या उचलला, राखेत बुडवला आणि हंडा घासायला लागली.

काल तिनं नुसते हात फिरवले होते. आज घासताना कळलं, काजळी किती चिवट असते, राख नखांत कशी शिरते, खांद्यामागे कुठे दुखायला लागतं. खरखर मोठी होती, सगळ्या चौकात एकटीच फिरत होती. कुणीतरी फिसकन हसलं आणि थांबलं. “अगं, हंड्याचं बोल की,” मागून एक आवाज आला. पडद्याआडून मास्तर पुटपुटले, “मम अश्रूंचे, मम अश्रूंचे…” ती घासत राहिली. बायकांची चुळबुळ वाढली आणि मग, ती घासतच राहिली तशी, विरत गेली. नुसत्या घासण्याकडे इतका वेळ त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. बोटांच्या टोकांना हंड्याच्या पोटावर काहीतरी खरबरीत लागलं, ठिपके, ओळीनं. भांडी उत्सवाला नेहमी पंतांकडूनच येत. राखेखालून नाव वर येत होतं, आपल्याकडे सगळ्या भांड्यांवर असतं तसं, ठिपक्या-ठिपक्यांचं. सौ. अन्नपूर्णा. तिनं ते वाचलं आणि मान वर केली. अन्नपूर्णाकाकूंचा पंखा थांबला होता. त्या नावाकडे पाहत होत्या, मग हंड्याकडे, मग तिच्या काळ्या झालेल्या हातांकडे. आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्यात नवीन काही कळल्याची खूण नव्हती. त्यांना ठाऊक होतं. ही बाई त्या दिवशी संकठादेवीहून परत आली असेल, कलंडलेला हंडा पाहिला असेल, सरळ करून ठेवला असेल.

“दार उघडा गं,” काकू म्हणाल्या.

कुणी हललं नाही. “काकू, बाहेर गल्लीत पुरुष आहेत,” शेजारची कुजबुजली.

“असू देत. इथे उजेड नाही.”

त्या स्वतः उठल्या. बायकांच्या गुडघ्यांमधून, मुलांमधून वाट काढत त्या चौकाच्या टोकाला गेल्या. त्यांना वाट देताना सगळी सतरंजी सरकली आणि पुन्हा जुळली नाही. अडसर जड होता, तो काढताना त्या किंचित वाकल्या. दाराच्या दोन्ही फळ्या त्यांनी भिंतीपर्यंत ढकलल्या आणि भाद्रपदातलं ऊन एकदम आत आलं, इतकं की गॅसबत्त्या कागदाच्या झाल्या आणि विद्युल्लतेला क्षणभर काही दिसेना. मग दिसलं. उंबऱ्यापलीकडे फुलेसरी उभी होती, काखेत भरलेली घागर, आत यावं की नाही या विचारात. बायकांच्या माना तिच्याकडे वळल्या. काल “ही तर आपली फुलेसरी” म्हणून जिला पाहून लोक हसले होते ती ही नव्हे, असं काहीतरी सगळ्यांनाच वाटलं असावं, कारण कुणीही हसलं नाही.

“ये,” काकू म्हणाल्या, मराठीत. त्यांनी हिंदीत म्हणायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

फुलेसरीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग उंबरा ओलांडला. काकू दारात मधोमध उभ्या होत्या, त्या तिथून हलल्या नाहीत. घागर सांभाळत तिला त्यांच्या अगदी अंगाजवळून जावं लागलं, घागरीतलं पाणी हिंदकळून काकूंच्या सोवळ्या पातळावर पडलं. काठावर बसलेल्या बायकांनी आपापल्या निऱ्या ओढून घेतल्या, सवयीनं, न बघता. काकूंचे हात बाजूला लोंबत राहिले. त्यांनी निऱ्या सावरल्या नाहीत.

विद्युल्लतेनं खाली पाहिलं. नाव अजून अर्धं काळं होतं. तिनं काथ्या पुन्हा राखेत बुडवला.